अकरा डबे

सोमेश्वरपासून तपोवनापर्यंत अकरा डबे बसवले आम्ही,
जेवणाच्या डब्याएवढेच, राखाडी,
डोक्यावर शेंडीसारखी एकेक अँटेना.
टॉवर नाही, तार नाही, वर साहेब कोणी नाही.
प्रत्येकाला ठाऊक फक्त आपला शेजारी.
दर दोन सेकंदांनी तो विचारतो, आहेस का?
शेजारी म्हणतो, आहे.
एवढ्यावरच सगळं चालतं.

पहिली पद्धत लिहिली ती अगदी बाळबोध:
जे ऐकलं ते सगळ्यांना सांगायचं,
त्यांनी त्यांच्या सगळ्यांना.
पुस्तकात याला फ्लडिंग म्हणतात.
भांडी बाजारातल्या गच्चीवर शिडी धरून
अरविंदकाका तांबटांना मी याचा अर्थ सांगितला.
म्हणाले, तो नको बाई.
एकदा आमची घंगाळं दुकानातून तरंगत गेली, पुरे.

मग दुसरी: आधी वाट विचारायची, मागून निरोप धाडायचा.
तपोवनाला कोण जातंय?
प्रश्न गच्चीवरून गच्चीवर जातो,
त्याच्या कपाळी आयुष्य लिहिलेलं, सात उड्या,
आठवीच्या आधी मरतो आणि कुणी सुतक पाळत नाही.
उत्तर आल्या पावली परत येतं.
सर्वांत कमी उड्यांची वाट ती खरी,
तीच वहीत नोंदायची.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं.
आकडे क्युसेकमध्ये येतात, ते कुणाला कळतात?
नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत?
गुडघे.
कंबर.
आमचे डबे तेच बोलत होते, सेंटिमीटरमध्ये.

रात्री सव्वादोनला पाचवा गप्प झाला.
अरविंदकाकांच्या गच्चीवरचा.
बुडाला नव्हता, पत्र्याखाली कोरडा होता.
दमला होता.
काठावरचा बहुतेक निरोप त्याच्याच पाठीवरून गेलेला,
तो मधोमध होता म्हणून, तिथून जवळ पडतं म्हणून,
आणि त्याने कधी नाही म्हटलं नाही.
जवळचा रस्ता कुणाच्या तरी पाठीवरून जातो,
हे माझ्या सूत्रात कुठेच नव्हतं.

चाळीस सेकंद गंगा मोजायला कोणी नव्हतं.
मग नववा बोलला,
मालेगाव स्टँडजवळचा, झुंबरबाई कर्डकांच्या टाकीमागचा,
ज्याला मी महिनाभर आळशी म्हणत आले होते.
वळसा घालून, तीन उड्या जास्त,
पण आला निरोप: छाती.

त्या आठवड्यात तिसरी लिहिली.
अंतर विचारायचंच,
पण त्याआधी विचारायचं, तुझ्यात किती उरलंय?
कुलथे मॅडम म्हणाल्या, उशीर किती वाढतो?
म्हटलं, अकरा टक्के.
चष्मा काढून त्या आलेखाकडे बघत राहिल्या
आणि चहा मागवला.

सिन्नरला आमच्या घरी चार माणसं.
बाबांचं दादाला, दादाचं बाबांना, माझं दोघांना,
सगळं आईमार्गे.
त्याला विचार कधी येणार. त्यांना सांग पैसे पाठवलेत.
तिला म्हणावं, पुराच्या काठी कशाला मरायला जाते.
आई स्वतः काय म्हणते,
ते कुठल्या लॉगमध्ये शोधू?

परवा गाडगे महाराज पुलावर उभी राहून
पहिल्यांदा थेट बाबांचा नंबर लावला.
खाली पाणी उतरलेलं, मारुतीच्या पायाशी गाळ,
एक पोरगा पाइप धरून तो धूत होता, मधेच स्वतःला भिजवत.
हॅलो, म्हणाले.
म्हटलं, मी.
थांब, आईला देतो.

नको, तुम्हीच राहा.
पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मी दोन सेकंद मोजले, मग आणखी दोन.
आहात का?
आहे, म्हणाले. बोल.
आणि मला सांगायला काही सुचेना.
त्यांच्याकडे टीव्ही चालू होता,
माझ्याकडे पाइपचं पाणी,
दोघंही ते ऐकत राहिलो.