गार चारू

विडी घरकुलात मे महिन्याची दुपार.
पत्र्याखाली त्रेचाळीस, नळाला पाणी परवा.
मी पाट्यावर टोमॅटो ठेचतोय
आणि पोशव्वाक्का उंबऱ्याशी, मांडीवर सूप,
विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारते,
"काय करायलास रे कनकय्या, लग्नाचा स्वैपाक?"

लग्नाचा नाही.
नऊ महिने बोटीवर मी जे केलं, ते.
रविवारी सकाळी, रात्रभर नाचून डोकं धरलेली माणसं
पांढऱ्या खुर्च्यांवर येऊन पडायची
आणि मी, छातीवर 'केनी' लिहिलेली पट्टी लावून
(कनकय्या त्यांच्या जिभेला जड जायचं)
एकामागून एक लाल पेले भरायचो.
समुद्र पाठीमागे असायचा.
वळून बघायला वेळ नसायचा.

टोमॅटो लक्ष्मी मंडईतले, किलोभर, जरा जास्तच पिकलेले,
बाईनं वर एक फुकट टाकला.
फडक्यातून गाळले. मीठ. काळं मीठ.
मिरी भरड. लिंबू दीड.
तिथला काळा सॉस इथं कुठला,
चिंचेचा कोळ घातला
आणि गुळाचा खडा, तो मात्र अक्काला न दाखवता.
तिथं पेल्यात एक हिरवा दांडा उभा करायचे,
बेचव, नुसता उंच.
मी अंबाडीची काडी घेतली, पानांसकट.

कोळंबी मंगळवार बाजारातली.
थर्माकोलच्या खोक्यात, वितळत्या बर्फाखाली.
सहा घेतल्या.
"समुद्राची की उजनीची?" विचारलं तर
विकणारा म्हणाला, "पाण्याची."

अक्कानं सूप बाजूला सारलं.
"आण इकडं. तुला दोरा निघायचा नाही."
टाचणीच्या टोकानं पाठीतून
तो काळा दोरा ओढला, एका दमात, न तुटता,
सहाच्या सहा.
चाळीस वर्षं, दिवसाला हजार,
दोरा बांधणारी बोटं;
दोरा सोडवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हळदमिठाच्या पाण्यात कोळंब्या
लाल झाल्या, वळल्या.
एक पेल्याच्या काठावर अडकवली.
अक्का बराच वेळ बघत राहिली.
"ही तर माझ्यासारखीच वाकलीय," म्हणाली,
"हिला कुणी बसवलं होतं विड्या वळायला?"
मी हसलो.
मग ते हसू कुठं ठेवावं कळेना.

काठाला मीठ लावतात, मी सांगितलं.
तिनं शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला.
काठावरून लिंबू फिरवलं, पेला चटणीत उपडा केला.
चिकटली की! तिथं हे सुचलं असतं तर
पट्टीवर खरं नाव मागून घेतलं असतं.

एक घोट.
तिनं डोळे मिटले. मी थांबलो,
बक्षिसासाठी थांबायचो तसा, हात मागे बांधून.
"अरे, हा तर गार चारू!
जिऱ्याची फोडणी तेवढी राहिली.
एवढ्यासाठी नऊ महिने? एवढ्या लांब?"

काय सांगणार. चारूच होता.
आमच्याच चुलीवरचा, फक्त बर्फात पडलेला.

"आणि खाली काय कडवट लागतंय?"
"औषध आहे, अक्का. दोन बोटं."
तिनं उठून दाराचा पडदा ओढला,
परत येऊन बसली, पेला पुढं धरला.
"दोन बोटं कुणाची? तुझी की माझी?"

त्या दिवशी अडीचशे विड्या कमी भरल्या.
उरलेल्या पाच कोळंब्या आम्ही हातानंच खाल्ल्या,
शेपट्या मांजरीला.
पेला तिनं भिजवलेल्या पानांवरच ठेवला होता,
उचलला तेव्हा वरच्या पानावर
लालसर गोल उमटलेला.
मी म्हटलं, फेकून दे.
"ओल्या पानाला कात्री चांगली लागते," म्हणाली,
आणि ते कापलं, वळलं, बांधलं.

आता कुठं तरी, करमाळ्याला नाही तर इंडीला,
एस्टीची वाट बघणारा एखादा माणूस
दोन झुरके ओढून थांबेल,
विडी डोळ्यांसमोर धरून बघेल,
आणि पुन्हा ओठांत घालेल.