तक्रारवही

दशरथ मढवीने मला ठेवलं ते फोन उचलायला.
पगार अठराशे, दुपारचा चहा त्याचा,
आणि किराणा दुकानात मिळते तसली लांबट वही,
लाल कापडी पाठीची.
कोपरखैरणे, दोन हजार एक.
खोलीत एक लीज लाइन, चौसष्ट के,
तिच्यावर एकशे नऊ घरं.
मी गणित घेऊन बारावी झाले होते,
तरी विचारलं नाही.

वायर गच्चीवरून गच्चीवर जायची,
पापडांच्या वरून,
माथाडी वसाहतीतल्या धुतलेल्या गोणपाटांच्या शेजारून,
आणि दर तिसऱ्या इमारतीवर
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक हब
हिरवं हिरवं मिचकावत बसलेला.
डब्यावर दशरथचं अक्षर : हात लावू नये. करंट आहे.
करंट कसला, पाच व्होल्ट.

वही अजून आहे माझ्याकडे.

बी-अकरा. नेट गेलं. कारण : डब्यामागे मांजर व्याली.
उपाय : पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत थांबणे.

रो हाउस चाळीस. स्लो. कारण : सगळेच जागे.

तांबटकाका. मेल पोचलं का ते बघून सांगा म्हणतात.
म्हटलं, टपाल वेगळं, आम्ही वेगळे.
ते म्हणाले, मग तुम्ही नक्की करता काय?
(उपायाचा रकाना कोरा.)

एकदा रात्रीतून कुणी सगळी वायर कापली,
सेक्टर पाच ते आठ, हात-हात सोडून, नीट मोजून.
कुणी ते दशरथला ठाऊक होतं.
त्याच्याच पोरीच्या हळदीला जायचं होतं रविवारी.
गेला. आहेर केला. नाचला पण.
सोमवारी नवी वायर गटाराच्या कडेने, पाइपातून.

त्याचा बाप खाजणात उघाडी सांभाळायचा :
भरतीला फळी खाली, ओहोटीला वर,
खारं आत शिरता कामा नये
आणि आतलं गोडं तुंबता कामा नये.
राउटर म्हणजे काय ते दशरथने मला
एवढ्यातच सांगितलं. दुसरं त्याला येत नव्हतं.
जमीन सिडकोत गेली. फळी माळ्यावर होती.

हमीदा मुकादमचे तीन महिन्यांचे पैसे थकले,
नवरा सलालाला, पगार अडकलेला.
मी नावाखाली लाल रेघ ओढली.
दशरथ म्हणाला, काप. दिवसभर काप.
रात्री दहा ते अकरा चालू ठेव.

मग मोठी कंपनी आली, पिवळी हेल्मेटं, रंगीत नकाशे.
खाडीकडच्या रस्त्याला चर खणला
आणि तीन दिवस तो भरतच राहिला, पंप लावून.
शेवटी यालाच बोलावलं.
हा उकिडवा बसला, पाणी चाखलं, थुंकला.
बांध हाय हा, म्हणाला, आमचा.
वरून रस्ता केलात तुम्ही,
पाण्याला कुणी सांगितलं नाय.
चर दहा हात पूर्वेला सरकला.
पाचशे रुपये दिले त्याला, सही घेऊन.

त्याच चरातून काच आली, आणि आमची एकशे नऊ घरं
दिवाळीपर्यंत बावीस झाली,
होळीला चार.

शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे, शाई पुसट :
मुकादम, रो हाउस एकसष्ट. रात्री सव्वादहाला लाइन गेली.
कारण : सापडलं नाही.
उपाय : दशरथ गच्चीवर गेला, डबा उघडला,
काही केलं नाही म्हणतो.
आपोआप आली.