तीनशे बारा कनेक्शनं

आमच्या पोटमाळ्याच्या खिडकीतून
कन्नमवार नगरच्या चौदा इमारती दिसायच्या,
आणि चौदाही इमारतींत रात्री काय दिसावं
ते मी ठरवायचे.

वायरी टाकणं ह्यांचं काम.
दगडाला सुतळी, सुतळीला वायर,
आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर भिरकावायचं.
एकदा दगड पडेलकरांच्या पापडांवर पडला,
दोन महिने त्यांना फुकट दाखवावं लागलं.
कॅसेट माझ्याकडे.
कुकर लावायचा, कॅसेट लावायची.
तिसरी शिट्टी होईतो नावं संपून
हिरो मोठा झालेला असायचा.

दुपारी रडका, रात्री मारामारीचा,
शनिवारी दोन, पाठोपाठ.
फोन यायचे.
वहिनी, पाहुणे आलेत, जरा बरा लावा.
वहिनी, पोराचा उद्या बारावीचा पेपर आहे,
आज काहीतरी भिकार लावा.
मी दोघांनाही हो म्हणायचे.
पडद्याच्या तळाशी वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकायच्या,
ओळीला दहा रुपये.
शेलटकर बंधूंनी तर भांडण मिटल्याचंही
तिथेच कळवलं होतं, त्याच दरात.

फीत अडकली
की सगळ्या वसाहतीतून एकच "अरेऽऽ" उठायचा
आणि शेजारच्या फोडणीसारखा
सरळ माझ्या घरात शिरायचा.
मी कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून
हळूहळू फीत गुंडाळत बसायचे,
आणि तीनशे बारा घरं
माझ्या मनगटाकडे डोळे लावून.
एवढं महत्त्व मला
स्वतःच्या लग्नातही मिळालं नव्हतं.

सासरे नाक मुरडायचे.
घरात लोळत बघणं म्हणजे काय बघणं, म्हणायचे.
त्यांच्या वेळी दोन खांबांना पांढरं कापड बांधत,
माणसं दोन्ही अंगांनी बसत.
हे गिरणीतून उशिरा पोचायचे, म्हणजे उलट्या बाजूला.
त्यामुळे झाडून सगळे खलनायक डावखुरे असतात
अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत.
आणि त्यांच्या वडिलांना म्हणे
कापडावरची माणसंच मान्य नव्हती.
ज्याचा घाम पहिल्या रांगेत उडत नाही
तो नट कसला?

मग गच्च्यांवर छत्र्या उगवल्या.
मग डबे आले, मग डबेही गेले.
ह्यांनी वही मिटली त्या दिवशी
शेहेचाळीस जणांकडे बाकी होती.
अजून आहे.
वायरी पालिकेने कापल्या,
अर्ध्या तशाच लोंबत राहिल्या,
पुढे इमारतीच पाडल्या म्हणताना
तोही प्रश्न मिटला.

आता आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर.
नात ओवी अंगठ्याने जग वर ढकलत असते.
एक पोरगा चालत्या टेम्पोवर नाचतो,
एक बाई फणस चिरता चिरता नवऱ्याची नक्कल करते,
एक म्हातारी उखाणा घ्यायला उभी राहते
आणि ऐन नावापाशी विसरते.
मला इतकं हसू आलं, म्हटलं,
ओवी, ती म्हातारी परत लाव ना.
"गेली गं आजी. आता नाही सापडायची."
मी गप्प बसले.
विनंतीचा फोन करणाऱ्या बाजूला
मी पहिल्यांदाच होते.

वाईट म्हणाल तर तसं काही नाही.
पूर्वी माझ्या एकटीच्या आवडीखातर
तीनशे घरांनी किती रटाळ सिनेमे सोसले
ते मलाच माहीत.
नाचणकर मास्तर बिचारे दर रविवारी विचारायचे,
एखादं जुनं नाटक मिळेल का?
मिळत होतं. मी आणलं नाही.

काल वाळलेले कपडे काढताना
समोरच्या टॉवरमध्ये एक माणूस एकटाच हसत होता,
कानात बोंडं घालून, पोट धरून.
त्याच्या वरच्या मजल्यावर कुणी डोळे पुसत होतं.
आवाज कसलाच नाही.
मी बराच वेळ बघत उभी राहिले,
कार्यक्रम चांगला होता.

ती पेन्सिल इतकी वर्षं खणात होती.
तिला टोक कधी केलंच नव्हतं.
परवा ओवीने केलं, शाळेत नेली.
चित्र छान आलं म्हणाली.
कशाचं, ते काही बोलली नाही.