सेकंदाचा पाचशेवा भाग

धुळ्याच्या या हॉलमध्ये उजेड म्हणजे
वर सहा ट्यूब, त्यातली एक फडफडणारी.
मी लग्नांचा फोटोग्राफर.
तिथं ‘इकडे बघा’ म्हटलं की माणसं थांबतात.

दोरीवरची मोक्षदा भामरे थांबत नाही.
फ्लॅशला पंचांची बंदी.
आयएसओ चढवला, फोटोत रवा पडला;
शटर हळू केलं, तर पोरीचा धूर झाला.

मग डोळा सोडून दिला,
बोटानं ऐकू लागलो:
दोर करकरतो, त्याच्या किंचित आधी.

दोनशेबारा फोटोंत एक बरा निघाला.
दोर ठळक, घोट्यावरची चिकटपट्टी ठळक,
बाकी सगळं वाहून गेलेलं.

तिच्या आईनं कॅमेरा लांब धरून पाहिला.
‘आमनी पोर कोठे शे यामा?’
मग पट्टीवर नख टेकवलं.
‘हाई मीच बांधेल शे.’