पात्र

खिडकी क्रमांक दोन. धुक्याचा मंगळवार.
लिअँडर ब्रॉफी टोपी हातात धरून उभा,
वय सहासष्ट, आणि म्हणतो,
पहिलं घर घ्यायचंय.

रांगेत मागे असलेली गरोदर मुलगी हसू दाबते.
मी फॉर्म पुढे सरकवते.
पहिलेपणाला इथे वयाची अट नाही,
कागद मात्र लागतात.

उत्पन्नाची कमाल मर्यादा:
त्याच्या पेन्शनला तिथवर पोचायला शिडी लागेल.
स्वतःची रक्कम: आहे,
खेकड्यांच्या कारखान्यातले एकवीस हंगाम,
बँकेच्या शिक्क्यासकट.
घर: पोस्टाच्या मागचं, हिरव्या दाराचं,
छपराची एक बाजू गळते,
ती मीच करीन, तो म्हणतो, तेवढं लिहा.
तेवढ्यासाठी रकाना नाही.

मग सातवा प्रश्न.
यापूर्वी अर्जदाराच्या नावे, पूर्णतः वा अंशतः,
घर होते काय?

होतं की. पाचातला एक हिस्सा.
बापानं जाताना आम्हा पाचांना सारखा दिला.

माझं पेन थांबतं.
हे 'होतं की' त्याला हिरव्या दाराइतकं महाग पडणार.

कुठे होतं, मी विचारते.
कुठे कुठे म्हणून सांगू, तो म्हणतो.

आधी पिंचर्स कोव्हला, बेटावर, अठ्ठावीस उंबरे.
तेव्हाही सरकारचा माणूस आला होता, तेव्हाही फॉर्म होता,
अनुदानही होतं, माणशी मोजून:
घर सोडण्याचं.
शाळा नाही, डॉक्टर नाही, बोट महिन्यातून दोनदा,
सह्या झाल्या. शेवटची माझ्या बापाची.
पण सोडा म्हणाले ते गाव, तो म्हणाला,
घर सोडा असं कुठे लिहिलंय?

घर पाहावं बांधून, म्हणतात.
त्यांनी पाहिलं ओढून.
ओंडक्यांवरून घरंगळत किनाऱ्यापर्यंत,
रिकामी पिंपं बांधली चारी अंगांना,
भरतीला दोन बोटींनी उपसागरात घेतलं.
मी नऊ वर्षांचा, दुसऱ्या बोटीत.
मांजर आतच राहिलेलं.
वरच्या खिडकीत बसून ते अख्खा दिवस
आमच्याकडे बघत होतं,
जणू आम्हीच वाहून चाललोय.

मुलगी आता हसत नाही. रांगेत कुणीच खोकत नाही.

मी नियमांची वही काढते. व्याख्या, पान चार.
घर म्हणजे कायमस्वरूपी पायावर उभी वास्तू.
इकडे आल्यावर पाया घातला होता?
नाही, तो म्हणतो. लाकडी टेकूंवरच उभं राहिलं,
बत्तीस वर्षं. जागा सरकारची.
बाप म्हणायचा, पाया कशाला,
परत न्यायचं झालं तर?

मग तुम्ही पात्र आहात, मी म्हणते.
नियमानं ते घर नव्हतंच.
इथे 'नाही' लिहा, खाली सही.

माझ्या नोकरीत हे वाक्य
मी आनंदानं म्हणायचं असतं.

तो पेन घेतो. बराच वेळ
त्या चौकटीकडे बघत राहतो,
बोटीतून बघावं तसा.
शेवटी विचारतो, ही सही पेन्सिलीनं चालेल का?

चालत नाही. शुक्रवार शेवटची तारीख.
फॉर्म घडी करून तो टोपीत ठेवतो, टोपी डोक्यावर,
आणि धुक्यात जातो.

मुलगी पुढे येते. पहिलं घर, ती म्हणते,
एक हात पोटावर.
मी नवा फॉर्म काढते. सातव्या प्रश्नाला तिचं उत्तर
माझ्या विचारण्याआधीच येतं.