कड दुमडू नका

दिवाळीच्या तोंडावर शिंप्याच्या दुकानात
नवं काम घेऊन जाऊ नये, हे सगळ्या उद्यमनगरला ठाऊक.
तरी ती आली. इल्दिको वहिनी, सरनोबतांच्या फौंड्रीतली,
अठरा वर्षांत आमच्यासारखीच बोलायला लागलेली.
"मास्तर, एक झेंडा पाहिजे हो, तेवीस तारखेला.
वर तांबडा, मधी पांढरा, खाली हिरवा.
आणि बरोबर मधोमध एक भोक."
भोक?
"भोक."
काठी घालायला?
"न्हाई हो. भोकच पाहिजे."

मी तालमींचे झेंडे शिवलेत, उरुसाच्या चादरी,
फुटबॉलच्या मोसमात पेठापेठांची निशाणं,
आणि नेजदार कॉम्रेडचा बावटा तर तीनदा,
पिवळ्या साटिनचा कोयता-हातोडा
दोन्ही बाजूंनी सुलटा दिसेल असा.
शिवून झाल्यावर फाडायचा झेंडा
पहिल्यांदाच.

ती स्टुलावर बसली, खडू उचलला,
टेबलावरच काढून दाखवलं:
इथं हातोडा होता, इथं गव्हाची ओंबी,
बाहेरच्यांनी आणून बसवलेली.
छप्पन साली लोकांनी तेवढंच कापून काढलं.
झेंडा तोच ठेवला, दुसरा शिवायला वेळ कुणाला होता.
"आजीनं सुरीनं कापला. आई नऊ वर्षांची,
तिनं कापड ताणून धरलं होतं."
मग?
"मग बारा दिवस. मग टँक आले."

ताटली उपडी ठेवून मी गोल आखला.
कात्री फिरवली. सवयीनं म्हटलं,
उद्या या, कड दुमडून ठेवतो.
"कड दुमडू नका, मास्तर. दोरे सुटू देत."
चाळीस वर्षांत कच्ची कड
माझ्या दुकानातून बाहेर गेली नव्हती.

तेवीसला फौंड्रीच्या फाटकासमोर रस्त्यावर
मांडव, तीस खुर्च्या, पोलिसांची परवानगी खिळ्याला लावलेली.
मोल्डर पोरं सुट्टी असून आलेली,
बोनसच्या कापडाचे शर्ट घालून, त्यातले सात माझे.
नगरसेवकानं दरवर्षीचं बेचाळीसचंच भाषण केलं,
फक्त गावांची नावं बदलली, त्यातही दोन चुकली.
वहिनी तिच्या भाषेत काहीतरी वाचत गेली,
एके ठिकाणी थांबली, तिथून पुढं वाचलंच नाही.

कॉम्रेड शेवटच्या ओळीमागं उभे. खुर्ची दिली, बसले नाहीत.
माझ्या कानाशी म्हणाले,
"छप्पनला बिंदू चौकात अर्धा तास बोललो होतो, मास्तर.
टँकांच्या बाजूनं.
लई टाळ्या पडल्या."
मी झेंड्याकडं बघत राहिलो.
भोकातून समोरची भिंत दिसत होती,
टायरच्या जाहिरातीतलं अर्धं चाक,
आणि एक दोरा, लांब, वाऱ्यावर.

दोन मिनिटं शांतता, असं जाहीर झालं
आणि बोळातल्या पोरांनी माळ लावली.
कुणी हललं नाही. कॉम्रेड गेले,
गुडघा धरत, एक चप्पल घासत.
"थांबा रे. दोन मिनिटं."
"का ओ? कोण मेलंय?"
उदबत्ती हातात धरून पोरगं वाट बघत होतं.
कॉम्रेडना उत्तर सापडायला वेळ लागला.
"लई जण," म्हणाले. "लांबचे."
पोरानं उदबत्ती पाठीमागं धरली.

भाऊबीज झाल्यावर ते दुकानात आले.
उसवलेलं काही नव्हतं हातात.
पंख्याकडं बघितलं, कॅलेंडरकडं.
"तो मधला तुकडा टाकलास काय?"
मशीनच्या तेलाच्या डब्याखालून काढून दिला.
ताटलीएवढा गोल, पांढऱ्यावर काळा डाग,
वर तांबड्याची कोर, खाली हिरव्याची.
त्यांनी उलटा केला. सुलटा केला.
कडेवरून अंगठा फिरवला,
एक दोरा ओढून बघितला, तो येतच राहिला.
मग जागच्या जागी, डब्याखाली, नीट सरकवून ठेवला.
"राहू दे इथंच," म्हणाले.
"तेल गळतंय तुझ्या मशीनचं."