माघार

आकडे त्यांनी मोठ्या फळ्यावर लावलेत आज.
बाराशे चौऱ्याऐंशी सामने. तीन चषक.
एकोणीस हंगाम, त्यातले सात कप्तान म्हणून.
गोल एकेचाळीस.
एकेचाळीस! मागच्या बाकावरचा पोरगा हसला.
त्याच्या हिरोने तेवढे एका हिवाळ्यात मारलेत.

मला चार शब्द बोलायला सांगितलंय.
मी धार लावणारा माणूस, मी काय बोलणार?
आर्मास पेल्कोनेन शहरात खेळायला गेला तरी
एक जोडी पायात, एक जोडी रात्रीच्या गाडीत,
बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून माझ्याकडे.
डाव्या पात्याची आतली कड
उजव्यापेक्षा दुप्पट झिजलेली.
मी न बघता सांगायचो, कुणाची पाती ती.

लोक म्हणतात, शूर तोच, जो माघार घेत नाही.
आर्मासची सगळी विद्या माघारीतच होती.
समोरून वाऱ्यासारखा येणारा गडी,
काठीला चिकटलेली ती काळी चकती,
आणि हा मागे, मागे,
पाहुण्याला घरात घ्यावं तसा आदबीने
त्याला कोपऱ्याकडे नेत,
जिथे बर्फ संपतो आणि फळी लागते.
एकोणीस वर्षं मागे सरत राहिला,
पाठ दाखवली नाही कुणाला.

ओव्हिला गार्नो आलाय, पहिल्या रांगेत, काठी टेकत.
सहा तास गाडी हाकत आला, या बर्फात.
याच्याविरुद्ध एकोणसाठ सामने खेळलो, मगाशी सांगत होता,
बायकोच्या डोळ्यांचा रंग आठवावा लागतो मला,
याच्या डोळ्यांचा नाही.

एकाहत्तरचा अंतिम सामना. अकरा सेकंद उरलेले.
हा फटक्यासमोर आडवा पडला, घोटा तडकला.
गिरणीच्या कॅन्टीनमध्ये तो फोटो अजून आहे.
चषक उचललेले सहा जण,
आणि खाली, चौकटीच्या कडेला,
बर्फावर टेकलेला एक हातमोजा.

परवा त्याच्या घरी गेलो होतो.
हिल्काने तळघरातून बीटाच्या लोणच्याची बरणी मागितली.
दोन्ही गुडघे आता धातूचे.
कठडा धरून तो उलटा उतरू लागला,
तोंड माझ्याकडे,
एकेक पायरी टाचेने चाचपत.
मी उठलो तर म्हणाला, बस. बोलत राहा, ऐकतोय मी.
खालचा दिवा गेलेला.
चेहरा दिसत होता तोवर दिसला,
मग नुसतं मोजणं वर येत राहिलं:
अकरा, बारा, तेरा.

हे काही मी इथे सांगणार नाही.
माइकसमोर उभा राहीन, घसा खाकरेन,
म्हणेन, धार बरी टिकायची त्याची,
आणि खाली बसेन.